सेरोटोनिन किती आहे यापेक्षा ते ऐकतंय कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईला नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम सुरू झालंय आणि डॉक्टर म्हणाले, "मेंदूतलं सेरोटोनिन कमी पडतंय." सेरोटोनिन म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं द्रव्य, अशा द्रव्यांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. एका लॅबच्या जाहिरातीत लघवीवरून 'न्यूरोट्रान्समीटर प्रोफाइल' काढून देतो असं लिहिलंय, ते करून घ्यावं का? गोळीला दहा दिवस झाले, मळमळ आहे आणि फरक काहीच नाही. शिवाय विचारणाऱ्या स्वतः बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. पुस्तकात रिसेप्टर (पेशीवरचं, असा निरोप घेणारं प्रथिन) म्हणजे कुलूप असं वाचलंय, मग इतकी वर्षं संशोधन होऊनही नेमकी किल्ली का सापडत नाही?

चाचणीचं आधी सांगते, कारण त्यात पैसे जाणार आहेत. करू नका. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तात जे सापडतं ते जवळपास सगळं प्लेटलेट्सनी स्वतःच्या आत साठवलेलं असतं. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून, आणि आतड्यातलं सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत शिरत नाही. त्यामुळे लघवीतला आकडा तुम्हाला आतड्याची खबर देईल, किंवा फार तर आदल्या दिवशी किती केळी खाल्ली त्याची. ही थट्टा नव्हे. कार्सिनॉइड नावाच्या गाठीच्या निदानासाठी लघवीतलं ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडून उरणारा पदार्थ, खरोखरच मोजतात, आणि त्याआधी केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात. त्या कामाला ती चाचणी चोख आहे. ताईच्या मनाबद्दल मात्र तिला काही ठाऊक नाही.

डॉक्टरांनी न मोजताच 'कमी' म्हटलं म्हणून त्यांच्यावर चिडू नका. फार्माकॉलॉजी शिकवताना मीही कित्येक वर्षं हेच वाक्य फळ्यावर लिहिलं. घाईच्या ओपीडीत पाच मिनिटांत पेशंटला सांगायला ते सोपं पडतं, आणि 'हा तुझा आळस नाही, आजार आहे' हेही त्यातून पोचतं. पण वाक्य म्हणून ते अर्धवट आहे. ते आलं कुठून हे कळलं तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतील.

त्या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावरचं आणि झोपेचं औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रेसर्पिन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. इकडे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही पेशंट उदास होतात असं डॉक्टर लिहीत होते. तिकडे क्षयासाठी इप्रोनियाझिड दिलेले पेशंट अचानक उत्साही झाले होते, आणि ते औषध तर सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडणाऱ्या विकराला अडवणारं निघालं. साठा संपला की उदास, साठला की आनंदी. दोन टोकं हाती होती, मधली रेघ सगळ्यांनी आपापल्या मनाने ओढली.

ती रेघ किती घाईची होती हे खरं तर १९५७ मध्येच दिसलं होतं. ब्रोडींच्याच प्रयोगशाळेत काही महिने काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि ते उठून हालचाल करू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन मात्र ते उठले नाहीत. म्हणजे रेसर्पिन सेरोटोनिनबरोबर नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही निरोप पोचवणारी दुसरी द्रव्यंही रिकामी करत होतं, आणि त्या निपचितपणाचा मुख्य दोषी डोपामिनचा तुटवडा होता. पार्किन्सनच्या उपचारांचा रस्ता तिथून निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पुढे माणसांवर थेट परीक्षाही झाली. ट्रिप्टोफॅन वगळून बाकीची अमिनो आम्लं भरपूर पाजली की काही तासांत मेंदूतलं सेरोटोनिन बनणं मंदावतं. निरोगी माणसांना असं केलं तर बहुतेकांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. पण सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी नुकतेच सावरलेले पेशंट असतील तर त्यातले बरेच त्याच दिवशी खाली घसरतात. या दोन ओळी एकत्र वाचा. नुसत्या कमतरतेने नैराश्य येत नाही, तरीही गोळीने जो आधार मिळालेला असतो तो सेरोटोनिनवर उभा असतो. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे जुने अभ्यास चाळून 'नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याने पुरावा नाही' असा निष्कर्ष छापला. त्यावर बातम्या अशा आल्या की जणू गोळ्याच खोट्या ठरल्या. सर्दीत वाफ घेऊन बरं वाटतं म्हणून सर्दी वाफेच्या कमतरतेने होते असं कुणी म्हणत नाही. आणि सर्दी वाफेच्या कमतरतेने होत नाही हे कळलं म्हणून कुणी वाफ घ्यायचं सोडतही नाही.

आता रिसेप्टर. कुलूप-किल्लीचं चित्र मला कधीच आवडलं नाही, कारण त्यात किल्ली एक, कुलूप एक आणि दार एक. सेरोटोनिनचं चित्र कुकरच्या शिट्टीसारखं आहे. शिट्टी एकच. ती ऐकून आई गॅस बारीक करते, पाळण्यातलं बाळ दचकून रडतं, आजोबा पाटावर येऊन बसतात आणि शेजारणीला कळतं की यांच्याकडे अजून जेवणं व्हायचीत. शिट्टीचा 'परिणाम' काय, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? ऐकणारा कोण ते आधी सांगा, असंच म्हणावं लागेल. रिसेप्टर म्हणजे हे ऐकणारे, आणि सेरोटोनिनला ते माणसात तेरा प्रकारचे आहेत. काही पुस्तकांत चौदा लिहिलेले दिसतात. तो चौदावा उंदरात काम करतो, आपल्यात त्याचं जनुक मोडकं आहे.

ऐकणारे एकाहून अधिक आहेत हे कळायलाच बराच काळ गेला. सेरोटोनिन रक्तातून वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये, क्लीव्हलंडला, रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांच्याकडून. ते रक्तवाहिन्या आवळतं एवढीच तेव्हा त्याची ओळख होती. ते मेंदूत आहे हे शोधलं बेटी ट्वॅरॉग या तरुण संशोधिकेने. ती मुळात शिंपल्यातल्या प्राण्याच्या स्नायूवर काम करत होती. सेरोटोनिन तो स्नायू सैल करतं हे तिला दिसलं, तेव्हा तिने विचार केला की शिंपल्याच्या नसा हे वापरत असतील तर सस्तन प्राण्यांचा मेंदू का नाही? १९५३ मध्ये पेज यांच्याबरोबर तिचा निबंध आला. याच सुमारास एडिंबरोला जॉन गॅडम एलएसडी हे भ्रम घडवणारं द्रव्य आणि सेरोटोनिन यांचं नातं तपासत होते, आणि त्यासाठी त्यांनी एलएसडी स्वतः घेऊनही पाहिलं. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा भांड्यात टांगून एक साधी गोष्ट दाखवली. सेरोटोनिनने आतडं आवळतं, पण ते आवळणं निम्मंशिम्मं एका औषधाने थांबतं आणि उरलेलं दुसऱ्याच औषधाने. म्हणजे ऐकणारे किमान दोन. अडवणाऱ्या औषधांच्या आद्याक्षरांवरून त्यांना डी आणि एम म्हटलं गेलं.

मेंदूत मात्र असा तुकडा टांगून आवळणं बघता येत नाही. तिथे १९७० च्या दशकात जी पद्धत आली तिच्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

कृती स्वयंपाकासारखीच आहे. ताजा मेंदू हवा. आम्ही बोकडाचा वापरायचो, पहाटे बर्फाचा डबा घेऊन जायचो. दुकानदाराने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, फ्राय करणार की मसाला?" मेंदूचा हवा तो भाग कापून थंड बफरमध्ये वाटायचा, वेगाने फिरवायचा, खाली बसलेला साका धुऊन परत फिरवायचा. त्या साक्यात पेशींची आवरणं असतात आणि आवरणांत रिसेप्टर. मग ज्याच्यात ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, बसवलंय असं किरणोत्सारी औषध अगदी सूक्ष्म प्रमाणात त्यात घालायचं, थोडा वेळ थांबायचं आणि काचतंतूंच्या फिल्टरमधून झटकन गाळून घ्यायचं. चिकटलेलं औषध साक्याबरोबर फिल्टरवर राहतं, मोकळं खाली जातं. फिल्टर सिंटिलेशन काउंटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, ठेवला की किती चिकटलं याचा आकडा येतो.

खरी अक्कल पुढच्या पायरीत आहे. औषध कशालाही चिकटतं, चरबीला, काचेला, नळीला. म्हणून दुसऱ्या नळीत तेच सगळं घेऊन वर साधं, किरणोत्सारी नसलेलं औषध हजारपट घालायचं. खऱ्या रिसेप्टरच्या जागा मोजक्या असतात, त्या साध्या औषधाने भरून जातात आणि किरणोत्सारी औषधाला जागा उरत नाही. इकडेतिकडे चिकटण्याच्या जागा मात्र अमाप असतात, तिथे फरक पडत नाही. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे रिसेप्टर. आमचा सगळा शोध एका वजाबाकीवर उभा असायचा.

ती वजाबाकी कशी फसवते त्याचा माझा स्वतःचा किस्सा. एका औषधाची सुरेख वक्ररेषा आली होती, जागा मोजक्या, पकड घट्ट, सगळं पुस्तकात असतं तसं. तीन महिने मी त्यावर घालवले. विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी आलेख बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "साका न घालता करून बघ." केलं. तीच रेषा आली. माझं औषध मेंदूला नव्हे, काचेच्या फिल्टरला चिकटत होतं, आणि साध्या औषधाने तिथूनही निघत होतं. मी फिल्टरचा रिसेप्टर शोधला होता. पुढे फिल्टर पॉलिइथिलीनइमिनमध्ये भिजवून घ्यायची सवय लावली आणि 'मेंदूशिवायची नळी' हा प्रत्येक प्रयोगाचा पहिला रकाना झाला. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात हा रकाना नसेल तर मी पुढचं वाचत नसे, आणि माझी थोडी बदनामीही झाली त्यावरून.

याच पद्धतीने १९७९ मध्ये अमेरिकेत पेरुट्का आणि स्नायडर यांनी उंदराच्या मेंदूत सेरोटोनिनचे ऐकणारे दोन गटांत वेगळे केले. किरणोत्सारी सेरोटोनिन एका गटाला घट्ट धरत होतं, स्पायपेरोन हे औषध दुसऱ्याला, आणि एलएसडी दोघांनाही. त्यांना ५-एचटी-१ आणि ५-एचटी-२ अशी नावं पडली. ५-एचटी हे सेरोटोनिनच्याच रासायनिक नावाचं लघुरूप. त्यानंतर जनुकं हाती येऊ लागली. १९८७ मध्ये अ‍ॅड्रेनालिनच्या रिसेप्टरसारखं दिसणारं एक अनाथ जनुक मिळालं, कशाचं ते कुणाला माहीत नव्हतं. वर्षभरात कळलं की तो सेरोटोनिनचा १ए आहे. त्या कामात असलेले लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना अशा रिसेप्टरांच्या अभ्यासासाठी २०१२ मध्ये नोबेल मिळालं. यादी वाढत सात कुळांवर थांबली. पहिलं कूळ पेशीला शांत करतं, दुसरं आतलं कॅल्शियम हलवतं, चौथं, सहावं आणि सातवं उत्तेजित करतात. तिसरं अगदी वेगळं. ते निरोप आत पोचवत बसत नाही, स्वतःच एक झडप आहे, सेरोटोनिन बसलं की काही मिलिसेकंदांत उघडते. बाकीच्यांना सेकंद, कधी मिनिटं लागतात.

आता ताईकडे या. एसिटालोप्रॅम यातल्या एकाही रिसेप्टरवर फारसं बसत नाही. ते बसतं सेरोटोनिन परत आत ओढून घेणाऱ्या वाहकावर. शिट्टी वाजून गेली की आवाज गिळून टाकणारी यंत्रणा म्हणा. तीच बंद केल्यावर आवाज जास्त वेळ घुमत राहतो, आणि तो तेराही जणांना ऐकू जातो. नको त्यांनाही. मळमळीचं कारण हेच. आतड्यात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राजवळ तिसरं कूळ भरपूर आहे. ऑन्डान्सेट्रॉन, आपल्या घराघरात असणारी उलटीवरची गोळी, नेमकी त्याच ५-एचटी-३ ला अडवते. म्हणून मळमळ पहिल्या दिवसापासून येते आणि बहुतेकांना दोनेक आठवड्यांत जाते. गोळी जेवणानंतर घेऊन बघायला सांगा. वरून ऑन्डान्सेट्रॉन स्वतःच्या मनाने देऊ नका, दोन्ही औषधं हृदयाच्या विद्युतलहरीवर थोडा परिणाम करतात. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मग वाहक पहिल्या दिवशीच बंद होत असेल तर मन सावरायला आठवडे का? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. मेंदूत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाच्या मध्यावर राफे नावाच्या पट्ट्यात एकवटलेल्या आहेत. १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी त्या फ्लुरोसंट पद्धतीने पिवळ्या चमकवून दाखवल्या. अब्जावधींच्या मेंदूत या काही लाखच, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळीकडे पोचतात. आणि या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही ५-एचटी-१ए असतो. आपलीच शिट्टी ऐकून 'पुरे, गॅस बारीक करा' म्हणणारा. गोळी सुरू झाली की राफेजवळ सेरोटोनिन वाढतं, हा अंगचा ब्रेक लागतो आणि पेशी वाजायच्याच कमी होतात. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत. दोन-तीन आठवडे सतत सेरोटोनिनचा मारा झाल्यावर हा ब्रेक बोथट होतो, तेव्हा कुठे पेशी पूर्ववत वाजू लागतात आणि दूरच्या भागांत खरी वाढ होते.

हेच सगळं कारण असेल तर ब्रेक आधीच काढून टाकला की गोळी लवकर लागू पडायला हवी. १९९० च्या दशकात बार्सिलोनाच्या फ्रान्सेस्क आर्टिगास यांनी हा तर्क पिंडोलॉलवर आजमावला. रक्तदाबाचं जुनं औषध, जे १ए लाही अडवतं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पुढचे संमिश्र. पेट स्कॅनवर, म्हणजे औषध जिवंत मेंदूत कुठे किती बसलंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, दिसलं की नेहमीच्या डोसला ते मेंदूतल्या ब्रेकवर पुरेसं बसतच नव्हतं. म्हणून तर्क चुकला की औषध अपुरं पडलं, हे त्या चाचण्यांवरून ठरवता येत नाही. माझं मत विचाराल तर ब्रेकची गोष्ट खरी आहे, पण संपूर्ण नाही. आठवड्यांच्या या विलंबात पेशींच्या नव्या जोडण्या, वाढीची प्रथिनं, असं बरंच आणखी आहे. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने तर दाखवलं की नैराश्यविरोधी औषधं बीडीएनएफ या वाढीच्या प्रथिनाच्या रिसेप्टरवर थेटही बसतात.

पेट स्कॅनवरून आणखी एक उपयोगी गोष्ट कळली. या प्रकारच्या गोळ्यांच्या नेहमीच्या किमान डोसलाच सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात. डोस दुप्पट केला तरी आकडा थोडाच वर सरकतो. तेव्हा दहाव्या दिवशी 'डोस वाढवा' म्हणून मागे लागण्यात अर्थ नसतो. चार ते सहा आठवडे थांबून डॉक्टर ठरवतील.

नेमकी किल्ली का नाही? काही ठिकाणी आहे. ऑन्डान्सेट्रॉन सांगितलंच. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान पहिल्या कुळातल्या १बी आणि १डी वर बसतं. पण नैराश्यात नेमकं कोणाला ऐकवायचं तेच पक्कं माहीत नाही, आणि तेराही जण एकमेकांचे इतके सख्खे आहेत की एकाला हाक मारली तर दुसरा वळून बघतो. याची किंमत लोकांनी मोजली आहे. फेनफ्लुरामिन भूक मारायचं, त्यासाठी दुसऱ्या कुळातला २सी हवा होता. पण औषध आणि त्याचं शरीरात बनणारं रूप मिळून २बी वरही बसत होते, आणि २बी हृदयाच्या झडपांवर असतो. झडपा जाड झाल्या. १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं. तेव्हापासून कुठलंही नवं औषध २बी ला चेतवत नाही ना, हे आधीच तपासतात. तेच फेनफ्लुरामिन २०२० मध्ये मुलांच्या ड्रावे नावाच्या दुर्धर फेफऱ्यासाठी कमी डोसमध्ये, हृदयाची नियमित तपासणी करण्याच्या अटीवर परत आलं.

डोपामिनकडे बघितलं की हेवा वाटतो. १९७० च्या दशकात टोरांटोच्या फिलिप सीमन यांनी स्किझोफ्रेनियाच्या औषधांची डोपामिनच्या डी२ रिसेप्टरवरची पकड आणि दवाखान्यातला डोस एका आलेखावर मांडले, आणि ते जवळपास सरळ रेषेत बसले. पकड जितकी घट्ट, डोस तितका लहान. पुढे पेट स्कॅनने खिडकीही दाखवली. साधारण ६५ टक्के डी२ अडवले की फायदा, ८० च्या आसपास गेलं की हातपाय आखडणं. सेरोटोनिनवर काम करणाऱ्यांना अशी रेषा आजवर मिळालेली नाही. डोपामिनच्या रेषेतही क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाने घोळ घातलाच. ते डी२ ला सैल धरतं, ५-एचटी-२ए ला घट्ट, आणि बाकी औषधं हरली तिथे चालतं.

हा २ए सगळ्यात अवलिया. एलएसडी आणि सिलोसायबिन याच्यामुळेच भ्रम घडवतात. झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांनी १९९८ मध्ये लोकांना आधी केटान्सेरिन हे अडवणारं औषध देऊन २ए झाकला आणि सिलोसायबिनचे भ्रम आलेच नाहीत. पण लिसुराइड हे औषधही याच २ए ला चेतवतं आणि भ्रम होत नाहीत. कुलूप तेच, फिरते ती किल्लीही जवळची, दार मात्र वेगळं उघडतं. म्हणूनच म्हटलं, ते चित्र पुरत नाही. रिसेप्टर कडक कुलूप नसून वळवळणारी साखळी आहे. कोण बसलंय त्यानुसार ती वेगवेगळ्या बाजूला वाकते आणि आत वेगवेगळ्या प्रथिनांना हात देते. ती ज्या चरबीत बसलीय त्यावरही ते ठरतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीजीवशास्त्राच्या संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांनी १ए भोवतालचं कोलेस्टेरॉल काढून घेतलं तर रिसेप्टरची पकड ढिली होते हे तपशिलात दाखवलं आहे.

मुंबईतच, कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांचा गट २ए वर काम करतो. २०१९ मध्ये त्यांनी उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या गटाबरोबर दाखवलं की सेरोटोनिन २ए मार्फत चेतापेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियांची संख्या आणि ऊर्जानिर्मिती वाढवतं. मनःस्थितीचा म्हणून ओळखला जाणारा ऐकणारा पेशीच्या चुलीतही लाकूड घालतो, हे मला माझ्या विद्यार्थिदशेत कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. बायोटेकच्या विद्यार्थिनीने सुट्टीत कुठे काम करायचं असा प्रश्न पडला तर हे पत्ते लक्षात ठेवा.

ताईसाठी राहिलेलं सांगते. गोळी एकदम बंद करायची नाही, अगदी बरं वाटलं तरी. सोडायची वेळ येईल तेव्हा हळूहळू कमी करत सोडतात, नाहीतर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके, चिडचिड होते. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं औषध, असं काही घेण्याआधी डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगायचं. या गोळीबरोबर ती घेतली तर सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं. दरदरून घाम, हातापायांना कंप, ताप, जीव घाबरा, असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि पहिल्या काही आठवड्यांत विलक्षण अस्वस्थता वाढली किंवा जीव द्यावा असं काही ती बोलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा, तोवर तिला एकटं सोडू नका.

आणि तुमच्यासाठी एक काम, ज्याला ना बोकड लागतो ना ट्रिशियम. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन साठ्यात ५टीव्हीएन (5TVN) हा क्रमांक घाला. २०१७ मध्ये ब्रायन रॉथ यांच्या गटाने मिळवलेली, एलएसडी पोटात घेतलेल्या २बी रिसेप्टरची रचना उघडेल. ती फिरवून वरून बघा. बाहेरच्या वेटोळ्याचा एक भाग औषधावर झाकणासारखा आलेला दिसेल. त्यातलं २०९ क्रमांकाचं ल्यूसिन शोधा. ते बदलून अलानिन घातलं की झाकण सैल होतं आणि एलएसडी फार लवकर निसटतं. २ए मध्येही तसंच झाकण आहे, आणि एलएसडीचा अंमल इतके तास का टिकतो याचं एक उत्तर तिथे आहे. दिसलं तर चित्र काढून घ्या आणि ल्यूसिन नेमकं कुणाला टेकलंय ते मला कळवा.